शेतकरी स्त्रीचे मनःस्वास्थ्य आणि अवधानाचा अभ्यास

पेरणी जवळ आली की शेतकरी तिफणीचे फण पाहतो, पंपाचे वंगण तपासतो आणि बैलाच्या खांद्याला सूज आहे की काय हे हाताने चाचपून पाहतो. खांदा दुखावलेल्या बैलाला जुंपले तर हंगामाचे नुकसान होते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. परंतु ज्या घराच्या आधारावर ही सारी शेती उभी असते, त्या घरातील स्त्रीचे मन कोठे दुखावले आहे काय, याची विचारपूस क्वचितच होते. ती पहाटे उठते, सर्वांच्या मागून निजते आणि तक्रार करीत नाही. म्हणून तिचे सारे ठीक चालले आहे असे समजण्यात येते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या देशव्यापी पाहणीत असे दिसून आले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामात दररोज सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. शेतातील कामाचा वेळ या आकड्यांत धरलेला नाही. मुलांचे व आजाऱ्यांचे करण्यात जाणारा वेळही निराळा आहे. खुरपणी, वेचणी आणि गोठा सांभाळून हे जवळजवळ पाच तासांचे घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या मनावर कोणता ताण येतो, तो कसा ओळखावा, आणि अवधानाच्या अभ्यासाने तिला कितपत साह्य होऊ शकते, याचा विचार या पाठात केला आहे.

ताण म्हणजे काय?

ताण समजण्यासाठी गोठ्यातील एक नेहमीचा अनुभव पुरेसा आहे. धार काढताना गाय दचकली तर ती पान्हा चोरते. भीतीमुळे तिच्या शरीरात ॲड्रेनलिन नावाचा द्राव सुटतो आणि पान्हा सोडविणाऱ्या द्रावाचे कार्य अडते. दूध कासेत असूनही हाती येत नाही. मनुष्याच्या शरीराचीही रीत अशीच आहे. संकट दिसताच हृदय जोराने चालू लागते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू आवळतात. विंचू-सापापासून दूर पळण्यास ही तयारी उपयोगी पडते. पण कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस, मुलीचे लग्न, नवऱ्याचे व्यसन या संकटांपासून पळता येत नाही. ती दिवसेंदिवस समोर उभी असतात आणि शरीर सतत सज्ज स्थितीत राहते. मग झोप उडते, अन्न गोड लागत नाही, चिडचिड वाढते आणि साधे निर्णयही सुचेनासे होतात.

ग्रामीण स्त्री “मला ताण आहे” असे सहसा म्हणत नाही. ती म्हणते, “जिवाला घोर लागलाय”, “छातीत धडधडतं”, “डोक्याचा भुगा झालाय”, “अंगात त्राण नाही.” गावात काम करणाऱ्याने ही बोली ओळखली पाहिजे. तथापि, प्रत्येक थकव्याला ताण समजणे हीदेखील चूक होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी, म्हणजे पंडुरोग, आढळला. थकवा, धाप व धडधड ही त्याचीही लक्षणे आहेत. म्हणून प्रथम आरोग्य उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. त्याचप्रमाणे फवारणी केल्यावर किंवा नुकत्याच फवारलेल्या शेतात काम केल्यावर डोके दुखणे, मळमळ, घाम किंवा अंधारी आली तर तो ताण नसून विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले होते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

अवधानाची परंपरा

जे काम चालू आहे, जो श्वास चालू आहे, त्याकडे पूर्ण लक्ष देणे आणि मनात उठणारे विचार चांगले की वाईट असा निवाडा न करता नुसते पाहणे, यास अवधान म्हणतात. बौद्धांच्या पाली ग्रंथांत यास ‘सति’ असा शब्द आहे. सतिपट्ठान सुत्तात श्वास, शरीर, वेदना व चित्त यांचे निरीक्षण कसे करावे हे सांगितले आहे. ब्रह्मदेशातून ही विद्या शिकून आलेले सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ पासून भारतात विपश्यनेची शिबिरे घेतली. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे त्यांचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात, दीर्घकाळ दुखण्याने त्रस्त झालेल्या रोग्यांसाठी, याच विद्येवर आधारलेला अभ्यासक्रम बेतला. त्यात कोणत्याही धर्माची दीक्षा किंवा उपासना नव्हती. पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी तो स्वीकारला.

महाराष्ट्रातील खेड्यांत या गोष्टीशी नाते सांगणारी एक रीत पूर्वी घरोघर होती. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री ओव्या गात असे. हाताची एक लय, श्वासाची एक लय आणि मनातील सल शब्दांत सांगण्याची मोकळीक, ही तिन्ही तेथे एकत्र येत. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, सासुरवासाचे दुःख आहे, आणि भक्तीही आहे. पुढे पिठाची गिरणी आली व जात्याचे कष्ट संपले, हे फार चांगले झाले. परंतु त्या कष्टांबरोबर स्त्रीचा तो एकटीचा प्रहरही गेला आणि त्याची जागा दुसऱ्या कामांनी घेतली. अवधानाच्या अभ्यासाने जात्याचे कष्ट परत न आणता तेवढा निवांतपणा तिला मिळू शकतो.

या अभ्यासाचा उपयोग किती?

उपयोगाविषयी अतिशयोक्ती करणे योग्य नाही. ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एक आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्या चाचण्यांत सुमारे ३,५०० व्यक्ती होत्या. अवधानाच्या अभ्यासाने चिंता व खिन्नता थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होते, असे त्यात आढळले. मात्र औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा तो सरस आहे, असा पुरावा मिळाला नाही. थोडक्यात, हा एक उपयोगी उपाय आहे, रामबाण नव्हे.

गावातील कार्यकर्त्यांना अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग आफ्रिकेतील युगांडा देशात झाला. दक्षिण सुदानमधील युद्धामुळे परागंदा झालेल्या सुमारे ७०० स्त्रियांचा त्यात समावेश होता. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेले ध्वनिमुद्रित पाठ त्यांतील एका भागाला गटागटाने, पाच बैठकांत ऐकविण्यात आले. बैठका घेणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. त्यांना थोडक्या दिवसांचे शिक्षण देण्यात आले होते. तीन महिन्यांनी पाहता पाठ ऐकलेल्या स्त्रियांचा मानसिक त्रास इतरांपेक्षा कमी झालेला आढळला. यावरून, तज्ज्ञ जवळ नसतानाही योग्य पाठ व साधी बैठक यांतून स्त्रियांना आधार देता येतो, हे स्पष्ट होते.

अभ्यासाची रीत

हा अभ्यास चार आठवड्यांत, एकेक पायरीने शिकावा. त्यासाठी आसन, गणवेश किंवा खर्च लागत नाही.

पहिला आठवडा : श्वास. दिवसातून एकदा पाच मिनिटे भिंतीला पाठ टेकून किंवा ओट्यावर पाय सोडून बसावे. डोळे मिटावेत किंवा दृष्टी जमिनीकडे ठेवावी. श्वास नाकाशी येतो-जातो ते जाणवू द्यावे. श्वास कोंडू नये. सोडताना तो सावकाश सोडावा, म्हणजे हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. एक ते दहा श्वास मोजावेत व पुन्हा एकपासून आरंभ करावा. मन भटकेलच. बैल बांधावरच्या गवताकडे वळला म्हणजे शेतकरी त्याला मारीत नाही. कासरा अलगद ओढून पुन्हा तासात आणतो. मनालाही तसेच आणावे. ते दहा वेळा भटकले आणि दहा वेळा परत आणले, तर अभ्यास फसला असे नव्हे. तोच अभ्यास होय.

दुसरा आठवडा : काम. रोजच्या कामांपैकी एक काम निवडावे. भाकरी थापणे, धार काढणे, अंगण झाडणे यांपैकी कोणतेही चालेल. ते करताना पिठाचा ओलावा, तव्याची धग, चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज यांकडेच लक्ष द्यावे. यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही. शिवाय शांत हाताने धार काढल्यास जनावरही स्वस्थ उभे राहते.

तिसरा आठवडा : शरीर. रात्री अंथरुणावर पडल्यावर पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष न्यावे. पोटऱ्या, कंबर, खांदे, जबडा यांपैकी काय आवळले आहे ते पाहावे आणि श्वास सोडताना ते सैल सोडावे. मध्येच झोप लागली तर उत्तमच.

चौथा आठवडा : प्रसंग. मुलावर हात उगारण्यापूर्वी, सासूबाईंना किंवा जावेला उलट बोलण्यापूर्वी, पाय जमिनीवर टेकलेले आहेत हे जाणून तीन सावकाश श्वास घ्यावेत. मनातल्या मनात “हा राग आहे”, “ही काळजी आहे” असे नाव द्यावे. भावनेला नाव दिल्याने ती नाहीशी होत नाही. परंतु पुढे काय करावे हे ठरविण्यास थोडी उसंत मिळते.

काही पथ्ये

कडबाकुट्टी, मळणीयंत्र किंवा विजेच्या पंपापाशी श्वास मोजीत बसू नये. तेथे सारे लक्ष हातावर व यंत्रावरच पाहिजे. काही स्त्रियांना डोळे मिटल्यावर पूर्वीचे दुःखद किंवा भीतिदायक प्रसंग आठवून त्रास वाढतो. त्यांनी लगेच डोळे उघडावेत, आसपासच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, थंड पाण्याने तोंड धुवावे आणि बसून करावयाचा अभ्यास सोडून द्यावा. अशा स्त्रीला आग्रह करू नये. चालू असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत.

अवधान म्हणजे सोसणे नव्हे

या विषयात सर्वांत मोठी चूक होण्याचा संभव येथे आहे. “तू श्वासावर लक्ष दे, म्हणजे तुला त्रास वाटणार नाही,” असे सांगून घरातील अन्याय तसाच चालू ठेवण्यासाठी हा अभ्यास वापरला जाऊ नये. अवधानाने घागर हलकी होत नाही. घागर किती जड आहे आणि ती एकटीने का वाहावी लागते, हे मात्र त्याने नीट दिसू लागते.

असे समजा की, कोरडवाहू चार एकरांचे एक कुटुंब आहे. सोयाबीन उगवले आणि पावसाने तीन आठवडे दडी मारली. दुबार पेरणीसाठी नवऱ्याने सावकाराकडून पैसे उचलले, पण घरात सांगितले नाही. बायकोला ते शेजारणीकडून कळले. ती रोज पहाटे तीन वाजता जागी होते. किती कर्ज, कोणाचे, कधी फेडावयाचे, यांपैकी काहीही ठाऊक नसल्याने तिच्या मनात ते कर्ज रोज वाढते. मुलांवर ती विनाकारण ओरडते व मग स्वतःलाच बोल लावते. अशी स्त्री काही दिवस अभ्यास करते तेव्हा कर्ज फिटत नाही. पण आपल्याला खरी भीती कर्जापेक्षा न कळण्याची वाटते, हे तिच्या ध्यानात येते. मग एके संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, ती नवऱ्याला शांतपणे विचारू शकते : “एकूण किती घेतलेत ते मला सांगा. आपण दोघं मिळून लिहून काढू.” कागदावर आलेल्या रकमेला शेवट असतो, मनातल्या रकमेला नसतो. ज्या नवऱ्याने तो आकडा इतके दिवस एकट्याने वागविला, त्याच्याही छातीवरचे ओझे त्या रात्री कमी होण्याचा संभव असतो.

म्हणून हा पाठ शेतकरी बंधूंसाठीही आहे. त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पाणी भरणे, गोठा झाडणे, मुलांना शाळेसाठी तयार करणे यांपैकी निदान एक काम कायमचे आपल्याकडे घ्यावे. “मदत करतो” असे न म्हणता ते आपलेच काम मानावे.

२. कर्ज, पीकविमा व विक्री यांचा हिशेब पत्नीसह बसून ठेवावा. हप्त्यांच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहाव्यात.

३. घरातील स्त्रीला दिवसातून अर्धा तास कोणी हाक मारणार नाही, अशी व्यवस्था करावी. सासूबाईंनी पुढाकार घेतल्यास ही व्यवस्था लवकर रुळते.

४. पत्नी, सून किंवा आई रडली तर “नाटक” म्हणून हसू नये. जवळ बसावे व ऐकून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

बचत गटाची बैठक ही या कामाची उत्तम जागा होय. हप्त्यांचा हिशेब सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवावीत. पाच मिनिटे सर्वांनी श्वासाचा अभ्यास करावा आणि पाच मिनिटे ज्यांना बोलावेसे वाटेल त्यांनी बोलावे. कोणावर बोलण्याची सक्ती करू नये. बैठकीत ऐकलेले बैठकीबाहेर जाणार नाही, असा नियम सर्वांच्या संमतीने करावा. तो मोडल्यास गटाचा विश्वास परत मिळत नाही. पुरुष कार्यकर्त्याने हे काम आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा गटातील जाणत्या स्त्रीच्या हाती द्यावे आणि आपण मागे राहून साह्य करावे.

घरभेटीच्या वेळी “तुम्हांला मानसिक त्रास आहे काय?” असा प्रश्न विचारल्यास नकारच मिळतो. त्याऐवजी “ताई, रात्री झोप लागते का?”, “जेवण जातं का?”, “जीव कशात रमतो का?” असे विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणे, कशातही रस न उरणे, अंथरुणातून उठावेसे न वाटणे, बाळंतपणानंतर बाळाकडे पाहावेसे न वाटणे, ही खिन्नतेच्या रोगाची लक्षणे असू शकतात. येथे अवधानाचा अभ्यास पुरेसा नाही. डॉक्टरांचा उपचार पाहिजे. “माझं ओझं होतंय”, “आता सुटावंसं वाटतं” असे शब्द कानी आले तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नयेत. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे. त्या स्त्रीला एकटे सोडू नये आणि फवारणीची औषधे तिच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी कुलुपात ठेवावीत. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही सल्ला मिळतो. घरात मारहाण होत असेल तर स्त्रियांसाठी १८१ व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे आत्महत्येचा प्रयत्न लपवितात आणि उपचाराचा मोलाचा वेळ गमावतात. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे व तिला शिक्षा करू नये, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. ही गोष्ट गावसभेत मुद्दाम समजावून सांगावी.

समारोप

जमिनीचा कस टिकविण्यासाठी तिला काही काळ विसावा द्यावा लागतो, हे शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. त्याच जमिनीवर राबणाऱ्या स्त्रीलाही तोच न्याय लागू आहे. दिवसातील पाच मिनिटे तिने स्वतःच्या श्वासाला द्यावीत आणि घराने आपल्या कामातील काही वाटा उचलून तिला ती पाच मिनिटे मिळवून द्यावीत. या दोन्ही गोष्टी बरोबर झाल्या तरच अभ्यास टिकतो. कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात आपल्या गावातील एका बचत गटापासून आरंभ करावा, चार आठवडे तो नेटाने चालवावा आणि पुढील हंगामापूर्वी त्या स्त्रियांनाच विचारावे की, झोप लागते का.